सावडीची मजुरी

भरत बारा वर्षं एका अशा माणसाबद्दल शिकवत होता, ज्याची आणि त्याची कधी गाठ पडली नव्हती. पुण्यात एका कॉलेजात तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक. दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा : विवेकी आर्थिक माणूस. हा माणूस भलताच हुशार. काहीही करण्याआधी तो फायदा-तोटा मांडतो, जास्त मिळेल तिकडं जातो, कमी मिळेल तिथून उठतो, आणि रागानं किंवा मायेनं एक रुपयाही इकडचा तिकडं करत नाही. त्याला चुलती नाही, मेव्हणा नाही, गावची जत्रा नाही आणि कुणाच्या दहाव्याला जायचं नाही. इतका मोकळा माणूस उभ्या जिल्ह्यात सापडायचा नाही, पण पोरं मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायची आणि भरतला मागून ‘विवेकी सर’ म्हणायची. भरतला ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आवडतही होतं.

यंदाच्या एप्रिलात ह्या विवेकी सरांवर कांदा भरायची पाळी आली. त्याचे वडील यमाजी, सगळे त्यांना आण्णा म्हणत, गावाकडं दीड एकर कांदा करून होते. आज्याच्या काळात घरात मेंढरं होती, आता रान होतं. आण्णांनी कांदा उपटून वाफ्यातच वाळत घातला आणि तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या ओट्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मंचरला ऑपरेशन झालं, आणि खाटेवर पडल्या पडल्या आण्णांनी भरतला रजा टाकायला लावली.

“घाबरायचं काय नाय,” आण्णा म्हणाले. “सावडीला सांगून ठेवलंय. सोमवारी येत्याल सगळी. पात कापायची, कांदा बराखीत घालायचा, झालं. तू फकस्त जेवू घाल, आन मागनं त्यांच्यात जा चार दिस.”

सावड म्हणजे आळीपाळीचं काम. आज दहा घरची माणसं तुमच्या रानात, परवा तुम्ही त्यांच्या. मजुरी नाही. ज्याचं रान, त्यानं दुपारी जेवू घालायचं. सावडीला येणारा भाकरी बांधून आणत नाही, आणली तर तो घरधन्याचा अपमान. कोण कुणाची किती पाळी लागतो हे कुठंही लिहिलेलं नसतं आणि शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं. आण्णा पडायच्या आठ दिवस आधी कुशाबाईच्या रानात दोन दिवस पाट्या उचलून आले होते. तिचा कांदा केव्हाच बराखीत गेला होता, म्हणजे हवा खेळती राहील अशा त्या लाकडी पट्ट्यांच्या चाळीत, जिथं नीट वाळलेला कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. नीट वाळलेला हं. भिजलेला एक ढीग आत गेला तर आठ दिवसांत सगळी बराख नासते आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो.

भरतनं ह्या सगळ्याचा शांतपणे विचार केला, आणि तिथंच घोटाळा झाला. आण्णा सहा महिने खाटेवर. आपली रजा रविवारी संपणार. दहा घरची पाळी कोण फेडणार? आणि दहा घरचे उपकार डोक्यावर घेऊन पुण्याला कशाला जायचं? त्यापेक्षा रोकडा व्यवहार बरा. गावात दिवसाचा रोज चारशे चालला होता. त्यानं पाचशे धरला. दहा-बारा माणसांचा स्वयंपाक, आचारी, भांडी, हा सगळा खटाटोप त्यानं आकड्यांत मांडला आणि त्याऐवजी माणशी ऐंशी रुपये जेवणभत्ता ठरवला. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. उलट सगळ्यांचाच फायदा होता. कागदावर बघून त्याचं त्यालाच बरं वाटलं.

सोमवारी उजाडायच्या सुमाराला अकरा माणसं रानात उतरली. पुढं कुशाबाई, हातात विळा, तोंडात मिश्री. शेजारचे पीरमहंमद मुलाणी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आले. साठी उलटलेला माणूस, हंगामात पारगावच्या कारखान्याला ऊस ओढायचा आणि एरवी गावात ज्याला लागेल त्याचं ओझं. आणि गजराबाई आली, आण्णांच्या बांधाला बांध असलेली. तिच्याकडं अजून वीसेक मेंढरं होती. पोरगा चाकणला कंपनीत, सून सुप्रिया अंगणवाडीत. गजराबाईनं मेंढरं सुनेच्या गळ्यात घातली आणि पदर खोचून पहिल्या वाफ्यात बसली.

काम असं चाललं की भरत बघत राहिला. बोलणं चालू, हसणं चालू, कुणाच्या तरी लग्नातली भांडणं चालू, आणि हाताखाली पात कापलेला कांदा भरभर पडतोय. दीडच्या सुमाराला सगळी चिंचेखाली जाऊन बसली. भरत पुढं झाला.

“जेवणाचे पैसे टाकतोय सगळ्यांना,” तो म्हणाला. “माणशी ऐंशी. सावकाश होऊ द्या.”

एकेक मोबाईल वाजला. कुशाबाईनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि पुन्हा जवळ नेली. आपण समोर उभे असलो तर माणसं मोकळेपणानं जेवणार नाहीत, असा विचार करून भरत घरात गेला आणि काल इंद्रायणीनं, म्हणजे बायकोनं, पुण्याहून बांधून दिलेल्या पुऱ्या खाल्ल्या. वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर सगळी परत वाफ्यात. त्याला कौतुक वाटलं. भत्ता रोख दिला की मधली सुट्टी निम्म्यावर येते, हे त्यानं डायरीत टिपूनही ठेवलं.

पाच वाजता त्यानं रोज पाठवला. गजराबाईचा फोन बटणांचा, म्हणून तिचे पाचशे ऐंशी त्यानं सुप्रियाच्या नंबरवर टाकले. खात्यातून गेले, पण तिकडं पोचले नाहीत, नुसतं चाक फिरत राहिलं. पीरमहंमद ट्रॅक्टरवरून उतरून आले.

“भरतभाऊ, हे काय पाठवलंत?”

“काका, तुमचा रोज आणि डिझेल. सहा लिटर धरलंय. कमी असेल तर सांगा.”

“न्हाई न्हाई. बरूबर हाय की,” पीरमहंमद म्हणाले. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. आजवर त्यांनी सावडीत घड्याळ बघितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. “पाच वाजलं. चला रं.”

त्या दिवसाच्या वाट्यातली शेवटच्या दोन वाफ्यांची पात कापायची राहिली होती. अर्ध्या तासाचं काम. ते तसंच सोडून अकराही माणसं उठली आणि गेली.

रात्री आण्णांचा फोन आला. त्यांनी कांद्याचं विचारलं नाही. “जेवायला काय केलं व्हतं?” एवढंच विचारलं.

“आण्णा, मी रोख दिले. प्रत्येकाला रोजसुद्धा दिला. कुणाचं देणं ठेवलं नाही.”

“हां,” आण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी माणसं उजाडायला नाही, नऊला आली. अकराला चहाची सुट्टी झाली, साडेतीनला दुसरी. दुपारच्या भाकऱ्या ज्याच्या त्याच्या घरून आल्या होत्या, फडक्यात बांधून, आणि ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला तोंड करून खाल्ल्या. लग्नातली भांडणं कुणी सांगितली नाहीत. पण पात कापून झाली, कांद्याचे बावीस ढीग रानात उभे राहिले, वर पात झाकली. आता एका दिवसाचं काम उरलं होतं : ढीग उचलायचे, बराखीत ओतायचे. गजराबाई त्या दिवशी आली नाही. तिचं एक मेंढरू अडलं होतं.

बुधवारी कोणीच आलं नाही. भरतनं कुशाबाईला फोन लावला, तेव्हा कळलं की शेजारच्या गावातल्या एका बागायतदारानं पन्नास रुपये वाढवून दिले आणि सगळी तिकडं गेली.

आता इथं कुणालाही घाम फुटला असता. भरतला आनंद झाला! पन्नास रुपयांसाठी अख्खी टोळी हलली, फळ्यावरच्या सूत्रासारखी. बारा वर्षं ज्याच्याबद्दल शिकवलं तो माणूस शेवटी भेटला, आणि एक नाही, चांगले दहा. त्यानं कॉलेजातल्या मित्राला लगेच कळवलं : “गावाकडं मजुरांचं वागणं तंतोतंत पुस्तकाप्रमाणे. लेख होईल.” उद्या आपण शंभर वाढवू, येतील परत, असं म्हणून त्यानं चहा टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. फरक एवढाच की ह्यानं हात दाखवून वर त्याचा फोटो काढला.

साडेतीनला आण्णांचा फोन आला. “भरत, मंचरात वारं सुटलंय. खिडक्या आपटायल्यात. कांदा आत गेला का?”

भरत बाहेर आला. डोंगराच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं होतं. पारगावच्या कारखान्याची चिमणी एरवी त्यांच्या अंगणातून स्पष्ट दिसायची, ती धुळीत बुडाली होती. रानात बावीस ढीग उघडे. आण्णांनी डिसेंबरापासून रात्रीअपरात्री उठून पाणी दिलेला कांदा, मोडक्या खुब्यानं ज्याची चौकशी करत ते पडले होते तो कांदा, आणि तो भिजला तर त्याचं कारण फक्त आपण, हे भरतला त्या क्षणी लख्ख दिसलं.

तरी डोकं जुन्याच वाटेनं पळालं. त्यानं फोन सुरू केले. बागायतदारानं ढग बघून सगळ्यांना घरी सोडलं होतं, म्हणजे माणसं मोकळी होती. भरतनं सहाशे सांगितले, मग सातशे, मग दोन तासांचे हजार. कुणी म्हणालं आमच्यात पावणं आलंय, कुणी म्हणालं कंबर धरलीय, आणि पीरमहंमद म्हणाले, “भाऊ, ट्रॅक्टर धुऊन लावलाय दारात. डिझेलचा हिशेब तर तुमी मिटवलाच की.”

राहिली कुशाबाई. तिचा कांदा घरात, तिला पावणं नाही, कंबर ठणठणीत. दोन तासांचे हजार रुपये ती उभ्या जन्मात कमावणार नव्हती.

“हजार?” कुशाबाई म्हणाली. “नगं भाऊ. आज सुट्टी हाय माजी.”

“अहो पण का? दोन तासांचे हजार!”

“का म्हंजे?” तिचा आवाज चढला. “तुजा बाप दोन दिस माज्या रानात राबला. ते फेडाय आले व्हते मी. तू माजं फेडणंच इकत घेतलंस, ते बी पाचशाला! आता बस हजार घिऊन.”

फोन बंद झाला. भरत बांधावर उभा राहिला. फळ्यावरच्या माणसानं हजार रुपये नाकारायचं काहीच कारण नव्हतं, पण फळ्यावरचा माणूस कुशाबाईच्या घरी राहत नव्हता. तेव्हा भरतला ओझरचा विघ्नहर आठवला. कॉलेजात नवसावर विनोद करणाऱ्या ह्या माणसानं हात जोडून आधी पाच नारळ कबूल केले. ढग आणखी पुढं सरकल्यावर अकरा केले. वर गेल्यावर तरी भाव वाढवून काम होईल, अशी त्याची अजून समजूत असावी.

मग तो एकटाच पाटी घेऊन पळत सुटला. ढिगात हात घालायचा, पाटी भरायची, तीनशे पावलं पळायचं, ओतायची. पाचव्या पाटीला छाती भरून आली. ढीग होते तसेच दिसत होते.

इतक्यात बांधावरून मेंढरं उतरली आणि मागून गजराबाई. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. ती जागीच थांबली.

“आरं, कांदा उघडाच?”

“काकी, कोणी येईना. हजार देतो म्हणालो, तरी येईनात.”

“म्हनूनच येत न्हाईत,” गजराबाई म्हणाली.

तिनं कनवटीचा बटणांचा फोन काढला, आणि एक आकडा दाबून धरला. तिकडून हॅलो यायच्याही आधी तिनं सुरुवात केली.

“ये पीरमहंमद, माजी उद्याची सावड मला आजच पायजे. ट्रॅक्टर काढ. सगळ्यास्नी ट्रॉलीत घाल, आन कुशीला पयली घे.”

पीरमहंमदांचा आवाज एवढा मोठा की भरतलाही ऐकू आला. “तुजा कांदा तर अजून मातीत हाय की गं! आज काय भरतीस?”

“माजी सावड, मी कुटं बी वापरीन. यमाजीच्या रानात ये. मी हितंच हाय.”

दहा मिनिटांत ट्रॉली आली. हजार रुपयांना जी माणसं हलली नव्हती, ती गजराबाईच्या एका हाकेला आली, कारण ती तिचं देणं लागत होती आणि भरतचं काही लागत नव्हती. कुशाबाईनं उतरल्या उतरल्या भरतच्या हातातली पाटी ओढून घेतली, त्याच्याकडं न बघता. बायकांनी ढिगाला कडं केलं, पुरुषांनी साखळी धरली, पीरमहंमद मागं-पुढं न बघता ट्रॉली बराखीच्या दाराला लावत होते. वारा असा की पात डोळ्यांत जात होती. भरत साखळीत शेवटचा होता. पाटी आली की ओतायची, एवढंच त्याला जमत होतं, आणि त्या वेळी त्याला तेवढंच हवं होतं.

एकोणीस ढीग आत गेले आणि पाऊस कोसळला. तीन राहिले, ते भिजले. सगळी गोठ्याच्या पत्र्याखाली गोळा झाली, पदर पिळत, धापा टाकत. भरतचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडं गेला. गजराबाईनं बघितलं. हात परत आला.

“च्या तरी कर की, मास्तर,” कुशाबाई म्हणाली. तीन दिवसांत तिचं हे त्याच्याशी पहिलं सरळ बोलणं.

भरतनं बारा माणसांचा चहा केला. आयुष्यात चारच्या वर कधी केला नव्हता. साखर एवढी पडली की पीरमहंमद म्हणाले, कारखाना बंद झाला तरी साखर हितं निघती म्हनायची. सगळी हसली. कुणाच्या तरी लग्नातलं भांडण पुन्हा निघालं, सोमवारी जिथं थांबलं होतं तिथूनच. भरत बशी हातात धरून त्यांच्यात उभा होता आणि त्याला रडू येत होतं. ते त्यानं पावसावर ढकललं.

माणसं पांगल्यावर तो गजराबाईजवळ गेला. “काकी, तुम्ही का आलात? तुमची पाळी माझ्यावर खर्च केलीत. तुम्हाला तर माझे पैसेही पोचले नव्हते.”

त्याला काहीतरी मोठं ऐकायचं होतं. आण्णांनी कधी काळी केलेले उपकार, तिच्या नवऱ्याचं मरण, बांधाला बांध असल्याची शपथ, जे लेखात घालता येईल असं काहीतरी.

“कांदा भिजत व्हता,” गजराबाई म्हणाली. “म्हनून आले. आजून काय?” आणि मेंढरांना हाळी देत निघून गेली.

गुरुवारी सकाळी आण्णांना बातमी सांगून झाली. आण्णा “बरं” म्हणाले, पण बऱ्यापैकी लांब बरं. फोन ठेवतो न ठेवतो तोच टिंग वाजलं. सोमवारपासून फिरत असलेलं चाक थांबलं होतं. सुप्रियाच्या खात्यात पाचशे ऐंशी रुपये जमा.

अख्ख्या गावात एकच बाई राहिली होती जिच्याशी त्याचा हिशेब मिटला नव्हता, आणि तोही बँकेनं आत्ता, सकाळी साडेसातला, मिटवला. तो तसाच चिखलातून, एका पायात चप्पल, बांधावरून धावत सुटला. गजराबाई वाघरीच्या जाळीतून मेंढरं सोडत होती.

“काकी, ते पैसे परत द्या!”

“कसलं?”

“सोमवारचे. अडकले होते, ते आत्ता पोचले. ते मला परत द्या.”

केलेल्या कामाची दिलेली मजुरी परत मागायला अर्थशास्त्राचा प्राध्यापक चिखलातून पळत आला, हे काही रोज घडत नाही. गजराबाई काठीवर रेलून हसली, इतकी हसली की खोकला लागला.

“बारा वर्सं पोरांना हेच शिकवतोस का रं? सुप्रियानं दाखवलं आत्ताच. ते काय मिळत न्हाई आता. तिनं लगोलग मोबाईलात रिचार्ज मारला, राहिल्याची मेंढरास्नी पेंड सांगितली.”

“मग आपला हिशेब मिटला?”

गजराबाईनं आपल्या रानाकडं बोट केलं. रात्रीच्या पावसानं पात लोळली होती, कांदा अजून मातीत होता. “माजी सावड काल तुज्यात गेली. आज दुसऱ्यांची पाळी. आता माजा कांदा कोन उपटायचा?”

“मी आहे ना!” भरत म्हणाला. “मी उपटतो. रविवारपर्यंत इथंच आहे.”

तिनं त्याला डोक्यापासून त्या एका चपलेपर्यंत बघून घेतलं.

“बरं. रोज किती घेशील?”

भरत बाह्या वर सारत होता, तो थांबला.

“चारशे चाललाय. तुला पाचशे देते. जेवणाचं ऐंशी न्यारं.”

कानाखाली बसावी तसं झालं. त्याचे कान तापले. मी कोण आहे ह्यांचा? मजूर? काल संध्याकाळी पत्र्याखाली माझ्या हातचा चहा प्यायला, आणि आज मला भाव विचारता? आपल्याला एवढा राग येतोय ह्याचंच त्याला नवल वाटलं, आणि मग कुशाबाई मोबाईल जवळ-लांब धरून बघत होती ते त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

“काकी, असं नका बोलू,” तो म्हणाला.

“लागलं?”

“लागलं.”

“लागंल न्हाई तर काय,” गजराबाई म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता. “चल, त्या कडंनं धर. माती वली हाय तवर सुटतोय चांगला. मुंडी धरून वड, पात तुटू दिऊ नगं.”

भरतनं राहिलेली चप्पलही बांधावर काढली आणि वाकला. त्याच्या हाताला वेग नव्हता. गजराबाईचे तीन वाफे होईपर्यंत त्याचा एक होत नव्हता, आणि त्यातही दर चौथ्या कांद्याची पात हातात येत होती. ती नुसती पुढं जात होती. अकरापर्यंत तळव्यांना फोड आले. बारापर्यंत पाठ म्हणजे काय वस्तू असते ते नीट कळलं. मंचरच्या खाटेवरचा म्हातारा कुशाबाईच्या रानात असं दोन दिवस राबला होता, ह्या वयात, आणि परत येऊन त्याचा उल्लेखही त्यानं कुणाजवळ केला नव्हता.

दीडला सुप्रिया पाटी घेऊन आली. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. गजराबाईनं बांधावर फडकं पसरलं आणि पहिली भाकरी त्याच्या हातावर ठेवली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. वासानंच त्याचे डोळे भरून आले. त्यानं घास मोडला, आणि हात तिथंच थांबला. भाकरी सुनेनं आणली होती, कारण सावडीला येणाऱ्यानं ती बांधून आणायची नसते. सोमवारी चिंचेखाली अकरा माणसं बसली होती, आणि एकाजवळही भाकरीचं फडकं नव्हतं. सगळ्यात जवळचं हॉटेल सात किलोमीटरवर, हमरस्त्याला.

“काकी,” तो म्हणाला, “सोमवारी दुपारी तुम्ही सगळ्यांनी काय खाल्लं?”

गजराबाईनं ठेचा त्याच्या बाजूला सरकवला.

“पाणी प्यालो,” ती म्हणाली. “खा तू.”